शेतकऱ्याचं कर्ज पडद्यावर आणणारा कोल्हापूरचा कारागीर : बाबूराव पेंटर

कोल्हापूर : शेतकऱ्याच्या कर्जावर आजवर कितीतरी नाटकं आली, सिनेमे आले. सावकार, गहाणखत, अंगठा, गेलेली जमीन हे सगळं आता पडद्यावर पाहून लोकांच्या ओळखीचं झालं आहे. पण शंभर वर्षांपूर्वी तसं नव्हतं. तेव्हा पडद्यावर देव दिसायचे, राक्षस दिसायचे, फार तर राजे-सरदार दिसायचे. धोतर-मुंडाशातला कर्जबाजारी कुणबी पडद्यावर दाखवावा आणि तो बघायला लोकांनी तिकीट काढावं, ही कल्पनाच कुणाला सुचली नव्हती. ती सुचली कोल्हापूरच्या एका कारागिराला. त्याचं नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जग त्यांना बाबूराव पेंटर म्हणून ओळखतं.

१९२५ साली त्यांनी 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. तो फारसा चालला नाही. तरी अकरा वर्षांनी, सिनेमा बोलू लागल्यावर, त्यांनी तोच विषय परत हातात घेतला. एकदा अंगावर आलेलं पीक माणूस सहसा दुसऱ्यांदा घेत नाही. बाबूरावांनी घेतलं. असं का केलं, हे समजायचं तर त्यांच्या आधीच्या आयुष्याकडे वळावं लागतं.

कसबी घरातला मुलगा

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापूरचा. घराणं हातानं काम करणाऱ्यांचं. वडील कृष्णराव कसबी कारागीर होते. लाकूड, धातू, रंग ही घरातली रोजची गोष्ट. बाबूराव कुठल्या चित्रशाळेत गेले नाहीत, की मुंबईच्या आर्ट स्कूलचा दाखला त्यांच्याकडे नव्हता. चित्र काढायला, मूर्ती घडवायला ते बघून बघून आणि करून करून शिकले. त्यांच्या जोडीला चुलतभाऊ आनंदराव. दोघांची डोकी एकाच दिशेनं चालायची.

तो काळ संगीत नाटकांचा होता. नाटक कंपन्यांना रंगवलेले पडदे लागायचे. महाल, जंगल, रस्ता, देऊळ, सगळं कापडावर रंगवलेलं. या दोघा भावांनी रंगवलेल्या पडद्यांचं मोठं नाव झालं. नाट्यगृहात बसलेल्या माणसाला पडद्यावरचा रस्ता खरोखर लांब गेलेला वाटावा, अशी त्यांची हातोटी. त्यातूनच मेस्त्री हे आडनाव मागं पडलं आणि पेंटर हे नाव चिकटलं ते कायमचं.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. पडद्यावरचं चित्र हलतं, चालतं, हे पाहून रंगवलेल्या पडद्यांच्या या कारागिरांना दुसरं काही सुचेना. आपणही असं चित्र काढायचं, हे ठरलं. पण त्यासाठी कॅमेरा हवा. तो परदेशातून यायचा आणि किंमत परवडणारी नव्हती. मग दोघांनी ठरवलं की कॅमेरा आपणच घडवायचा.

कोल्हापुरात घडलेला कॅमेरा

हे बोलायला सोपं आहे. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी सिनेमा दाखवायचं एक यंत्र आणलं. त्यावर सिनेमे दाखवले आणि त्याच यंत्राचा अभ्यासही केला. यंत्र चित्र दाखवतं कसं हे कळलं, तर चित्र घेणारं यंत्र कसं असावं याचा अंदाज लागतो, असा तो साधा हिशेब.

मूकपटाच्या कॅमेऱ्याचं काम बाहेरून सोपं दिसतं. बाजूला एक दांडा असतो, तो फिरवायचा. दांडा फिरला की फिल्म पुढं सरकते. पण ती सलग सरकून चालत नाही. शिलाई मशीन जसं कापड टाक्याटाक्यानं पुढं नेतं, तशी फिल्म एक चौकट पुढं जायला हवी, क्षणभर थांबायला हवी, त्या क्षणात भिंगातून उजेड आत यायला हवा आणि ती परत सरकेपर्यंत उजेड बंद व्हायला हवा. सेकंदाला साधारण सोळा वेळा. दात्यांच्या चाकात केसाएवढा फरक पडला, तरी चित्र थरथरतं किंवा फिल्मच फाटते. हे सगळं जमवायचं, तेही मोठा कारखाना नाही आणि शिकवायला माणूस नाही अशा स्थितीत.

काम अर्ध्यावर असताना १९१६ साली आनंदराव वारले. ज्याच्या जोडीनं स्वप्न पाहिलं, तोच गेला. बाबूराव थांबले नाहीत. विष्णुपंत दामले हा त्यांचा शिष्य हाताशी होता. गुरू-शिष्यांनी मिळून १९१८ साली चालता कॅमेरा उभा केला. कोल्हापूरला आजही सिनेमावाल्यांचं गाव म्हणतात, त्याचं मूळ या कॅमेऱ्यात आहे.

कॅमेरा झाला, पण कंपनीला पैसा लागतो. तो दिला गायिका तानीबाई कागलकर यांनी. छत्रपती शाहू महाराजांच्या दरबाराचा आश्रयही मिळाला. अशी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. एका गायिकेचा पैसा, राजाचा आधार आणि कारागिराचं डोकं, एवढ्या भांडवलावर मराठी मुलखातल्या सिनेमाचं एक मोठं घर सुरू झालं.

सैरंध्री आणि पहिलं यश

पहिली अडचण आली ती बायकांच्या भूमिकांची. फाळक्यांच्या सुरुवातीच्या सिनेमात पुरुषच लुगडं नेसून उभे राहिले होते. बाबूरावांना ते पटत नव्हतं. बाईचं काम बाईनंच करावं, हा त्यांचा आग्रह. त्यापायी हाती घेतलेला एक सिनेमा सोडून द्यावा लागला, कारण कुणी बाई तयारच होईना. शेवटी गुलाबबाई आणि अनसूयाबाई पुढं आल्या. पडद्यावर त्यांची नावं कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी झाली. सिनेमात काम केलं म्हणून समाजानं त्यांना दूर लोटलं. कंपनीच्या आवारातच त्यांना आसरा घ्यावा लागला. आज ज्या कामासाठी रांगा लागतात, त्या कामाची सुरुवात करणाऱ्यांनी ही किंमत मोजली.

१९२० च्या फेब्रुवारीत 'सैरंध्री' पुण्यात लागला. महाभारतातली कीचकवधाची गोष्ट. भीम कीचकाला मारतो तो प्रसंग इतका खरा वाटला, की बघणारे घाबरले आणि पुढं तो भाग कापावा लागला. लोकमान्य टिळकांनी हा सिनेमा पाहिला आणि बाबूरावांना 'सिनेमा केसरी' हा किताब दिला.

यानंतर कंपनीचा जम बसला. बाबूरावांची कामाची पद्धत वेगळी होती. चित्रीकरणाच्या आधी ते प्रसंगांची, पोशाखांची रेखाटनं करायचे. कोण कुठं उभा राहणार, उजेड कुठून येणार, हे आधी कागदावर ठरायचं. ज्या रंगवलेल्या पडद्यांनी त्यांना नाव दिलं, तेच त्यांनी सिनेमात बाजूला सारले आणि प्रत्यक्ष उभारलेली दालनं, भिंती, खांब आणले. कॅमेऱ्याला कापडावरचं खोटं लगेच कळतं, हे पेंटरलाच आधी कळलं. १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये रात्रीची लढाई दाखवायला त्यांनी कृत्रिम दिवे वापरले. तोवर सिनेमा सूर्याच्या उजेडावर चालायचा, ढग आले की काम बंद. सिनेमाची मोठी चित्रं रंगवून थिएटरबाहेर लावायची, गोष्टीची छापील पुस्तिका काढायची, हेही त्यांनी केलं. १९२४ साली लंडनला वेम्बलीच्या प्रदर्शनात त्यांच्या 'कल्याण खजिना'ला पदक मिळालं.

म्हणजे १९२५ साल उजाडलं तेव्हा बाबूराव पेंटर हे नाव हमखास चालणारं नाणं होतं. पौराणिक काढला तरी चालतो, ऐतिहासिक काढला तरी चालतो. कुणीही त्याच वाटेनं पुढं गेला असता.

सावकारी पाश

बाबूरावांनी वाट बदलली. नारायण हरी आपटे यांची गोष्ट त्यांनी घेतली. शेतकरी सावकाराच्या तावडीत सापडतो, जमीन जाते, गाव सुटतं आणि शहरात गिरणीत राबायची वेळ येते. गोष्ट एवढीच. यात चमत्कार नाही. आकाशातून कुणी उतरत नाही. तलवारीही चालत नाहीत.

गोष्ट छोटी असली तरी तिच्यामागं दख्खनचा मोठा इतिहास होता. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले होते. त्यांना सोनं-नाणं नको होतं, कागद हवे होते. कर्जरोखे बाहेर काढून त्यांनी जाळले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरलं. सरकारनं चौकशी नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. कायदा आला, पण कर्ज गेलं नाही. ज्याला वाचता येत नाही त्यानं कागदावर अंगठा उठवायचा आणि कागदात काय लिहिलंय ते सावकारानं सांगायचं, हा कारभार चालूच राहिला. मुद्दल फिटतं पण व्याज फिटत नाही, हे गावोगावच्या घरांना माहीत होतं.

हे सगळं नाटकात, कादंबरीत थोडंफार येत होतं. सिनेमात आलं नव्हतं. बाबूराव स्वतः शेतकरी नव्हते. पण हातावर पोट असणाऱ्यांच्या घरात ते वाढले होते. घाम गाळणाऱ्या माणसाचा हिशेब दुसऱ्याच कुणाच्या वहीत लिहिला जातो, ही गोष्ट त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नसेल.

तरुण शेतकऱ्याचं काम त्यांनी कंपनीतल्याच एका पोराला दिलं. तो कोल्हापूरचाच. पडेल ते काम करत सिनेमा शिकत होता. नाव शांताराम वणकुद्रे. पुढं हाच व्ही. शांताराम म्हणून देशभर गाजला. त्याच्या वाट्याला राजाचा मुकुट किंवा देवाचं तेज आलं नाही, साध्या शेतकऱ्याचा वेश आला. माणसासारखा माणूस पडद्यावर कसा दाखवायचा, हा धडा त्याला इथं मिळाला.

सिनेमा लागला आणि लोक फिरकले नाहीत. जाणकारांनी नावाजला, पण गल्ला भरला नाही. याला लोकांना दोष देऊन भागणार नाही. दिवसभर राबून चार आणे मोडून थिएटरात आलेल्या माणसाला घरचंच दुखणं परत बघायचं नव्हतं. त्याला दोन तास ते विसरायचं होतं.

आणखी एक अडचण होती, ती मूकपटाचीच. पडद्यावरची माणसं बोलत नाहीत, मग बोलणं मधेमधे अक्षरांच्या पाट्यांवर दाखवायचे. ज्याला वाचता येतं तो वाचायचा. न येणाऱ्यासाठी थिएटरात कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवायचं. पौराणिक कथेत हे चालून जायचं, कारण रामायण-महाभारत लोकांना तोंडपाठ. सावकाराची गोष्ट नवी होती. ज्या शेतकऱ्याला सावकाराचा कागद वाचता येत नव्हता, त्यालाच पडद्यावरची पाटीही वाचता येत नव्हती. त्याच्यावर काढलेला सिनेमा त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागत होता.

कंपनीचं पोट चालवायचं म्हणून बाबूराव पुन्हा पौराणिक-ऐतिहासिकाकडे वळले. 'भक्त प्रल्हाद' आला, 'मुरलीवाला' आला. १९२७ चा 'नेताजी पालकर' दिग्दर्शित करायला शांतारामला मिळाला.

शिष्य पुढे गेले

१९२९ साली कंपनीला मोठा हादरा बसला. दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्या पैशाच्या बळावर १ जूनला कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. ज्यांना हाताला धरून शिकवलं, ती माणसं एका झटक्यात गेली. त्यात कॅमेऱ्याच्या पहिल्या दिवसांपासून सोबत असलेले दामलेही होते. घर वाटलं जावं तसं झालं. त्यानंतर महाराष्ट्र फिल्म कंपनी फार काळ टिकली नाही.

त्यातच १४ मार्च १९३१ ला मुंबईत 'आलम आरा' लागला आणि सिनेमा बोलायला लागला. मूकपटवाल्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. कॅमेऱ्याची घरघर आता आवाजाच्या यंत्रात शिरायला लागली, म्हणून कॅमेरा कोंडावा लागला. नट मोकळेपणानं फिरत होते, ते आता मायक्रोफोनला बांधले गेले. दिसायला उत्तम पण बोलता-गाता न येणारे घरी बसले.

बाबूरावांना बोलपट आवडला नाही. चित्रातूनच सगळं सांगायची जी कला इतक्या वर्षांत घडली, ती या बडबडीत वाहून जाईल, असं त्यांना वाटे. शांतारामांनाही सुरुवातीला बोलपट म्हणजे चार दिवसांचं फॅड वाटलं होतं. पण ते लवकर सावरले. १९३२ च्या फेब्रुवारीत प्रभातनं 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आणला, गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांना घेऊन, आणि जोडीनं हिंदीतही काढला. शिष्य नव्या युगात पोचले होते. गुरू अजून उंबरठ्यावर होते.

दुसऱ्यांदा तोच विषय

बाबूराव १९३५ साली बोलपटात उतरले. शालिनी सिनेटोनसाठी 'उषा' काढला, तो पौराणिक. आणि पुढच्याच वर्षी, १९३६ ला, 'सावकारी पाश' परत आला. आता तो बोलत होता.

वय सेहेचाळीस. स्वतःची कंपनी राहिली नव्हती. अशा वेळी माणूस खात्रीचा विषय धरतो. लोकांनी एकदा नाकारलेली गोष्ट परत त्यांच्यापुढं ठेवायला हिंमत लागते. पण या विषयाचं काम अपुरं राहिलंय, असं त्यांना वाटत असणार. शेतकऱ्याला पहिल्या वेळी आवाजच नव्हता. आता वाचता न येणारा माणूसही थिएटरात बसून, कुणाची मदत न घेता, आपल्या भाषेत आपली गोष्ट ऐकू शकत होता.

आवाज त्यांनी वापरला तोही चित्रकारासारखा. जे. बी. एच. वाडिया हे मुंबईचे नावाजलेले निर्माते. स्टंटपट काढण्यात त्यांचा हातखंडा. मूक 'सावकारी पाश' त्यांना अंधुकसाच आठवायचा, पण बोलपटातलं एक दृश्य ते कधी विसरले नाहीत. दुरून दिसणारी एक उदास झोपडी. जेमतेम उजेड. माणूस दिसत नाही, कुणी बोलत नाही. ऐकू येतं ते फक्त कुत्र्याचं रडणं. बाबूराव केवढे मोठे कलावंत आहेत ते आपल्याला हा बोलपट पाहूनच उमगलं, असं वाडियांचं मत होतं.

गावाकडच्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. रात्री कुत्रं रडलं की घरातलं म्हातारं माणूस उठून त्याला हाकलतं. काहीतरी वाईट होणार, ही धास्ती त्या आवाजात असते. बोलपट म्हणजे गाणी आणि लांबलचक भाषणं, असा तो काळ. त्यात बोलपटाला नाकं मुरडणाऱ्या या माणसानं कर्जात बुडालेल्या घराची रात्र एका शब्दाविना ऐकवली.

शेवटची वर्षं

पुढं 'प्रतिभा', 'साध्वी मीराबाई' असे काही बोलपट त्यांनी केले, पण मूकपटाच्या काळातला तो दरारा परत आला नाही. ते रंग आणि मातीकडे, म्हणजे चित्र-शिल्पाकडे जास्त रमले. शिष्यांनी गुरूची आठवण मात्र ठेवली. १९४७ च्या 'लोकशाहीर राम जोशी' या सिनेमासाठी व्ही. शांतारामांनी आपल्या राजकमलमध्ये त्यांना बोलावलं. दिग्दर्शनात दोघांचा हात लागला. ज्याला शेतकऱ्याचा वेश दिला होता, त्याच्या घरी गुरू कामाला गेला, आणि मानानं गेला. १६ जानेवारी १९५४ ला कोल्हापुरात बाबूराव पेंटर वारले. लोक त्यांना कलामहर्षी म्हणतात.

१९२५ चा 'सावकारी पाश' आज कुणालाच बघता येत नाही. त्याची प्रत उरलेली नाही. त्या काळची फिल्म लवकर पेट घेणारी, जपायला अवघड. देशातले बहुतेक मूकपट असेच गेले. काही जळाले, काही कुजले, काही त्यातल्या चांदीसाठी वितळवले गेले. राहिल्या त्या जुन्या जाहिराती, काही फोटो आणि पाहिलेल्यांनी लिहून ठेवलेल्या आठवणी.

पण त्यातून सुरू झालेली वाट राहिली. १९३७ साली शांतारामांनी 'कुंकू' काढला, तोही नारायण हरी आपट्यांच्याच कादंबरीवर. म्हाताऱ्याशी लावून दिलेल्या तरुण मुलीची ती गोष्ट. घराघरातलं दुखणं पडद्यावर मांडायचा धीर शिष्याला कुठून आला, हे वेगळं सांगायची गरज नाही. त्यानंतर देशात शेतकरी, सावकार आणि जमीन यांवर मोठमोठे सिनेमे झाले, काहींनी भरपूर पैसा आणि नाव कमावलं.

सावकारीवर २०१४ साली राज्यात पुन्हा नवा कायदा झाला. परवाना नसताना व्याजानं पैसे देणं हा त्यात गुन्हा आहे आणि सावकारीपोटी लाटलेली जमीन परत मिळवायला सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे दाद मागता येते. १९२५ च्या त्या शेतकऱ्याला ही सोय नव्हती. त्याच्या वाट्याला गिरणीचा भोंगा आला होता. त्याची गोष्ट सांगावी असं तेव्हा सिनेमाच्या धंद्यात एका माणसाला वाटलं, आणि धंद्यात खोट खाऊनही त्यानं ती दोनदा सांगितली.